घरच्या प्राण्यांच्या शरीरातील गमती : ऐकलेल्या किती आणि पाहिलेल्या किती?

प्रश्न : खिडकीतला बगळा

आमच्या घरी एक मांजर, एक म्हातारा कुत्रा आणि गोल्डफिशची एक काचपेटी आहे. गेल्या आठवड्यात मुलांचा चेंडू कपाटामागे गेला म्हणून मी कपाट भिंतीपासून जेमतेम चार बोटे सरकवले आणि आत हात कसा घालावा याचा विचार करू लागलो, तोवर मांजर आत शिरलेही. ती कशी शिरली हे मला अगदी जवळून पाहायला मिळाले. तिने आधी डोके फटीपाशी आणले, मिशांची टोके दोन्ही कडांना टेकली, ती क्षणभर थांबली, मग डोके आत गेले आणि त्यामागून उरलेले अंग बाटलीच्या तोंडातून तेल ओघळावे तसे निघून गेले. ‘मांजराला कॉलरबोन नसतेच,’ असे थोरल्या मुलीने लगेच जाहीर केले आणि आपल्या वहीत तशी नोंदही केली.

या वहीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. सुट्टीचा विरंगुळा म्हणून मुलांनी प्राण्यांच्या अंगातील गमती लिहून ठेवायला सुरुवात केली आणि पाने भराभर भरू लागली. एके दिवशी मी सहज विचारले, की यातील तुम्ही स्वतः पाहिलेल्या किती? तेव्हा सत्तेचाळीस नोंदींपैकी पाहिलेल्या अवघ्या तीन निघाल्या : मांजराची जीभ खरखरीत असते, कुत्र्याचे नाक ओले असते आणि मासे डोळे कधीच मिटत नाहीत. बाकी सारे कुठेतरी वाचलेले, कुणाकडून तरी ऐकलेले. तेव्हापासून वहीत ‘ऐकले’ आणि ‘पाहिले’ असे दोन रकाने आखले आहेत आणि पहिल्या रकान्यातील नोंद दुसऱ्यात नेता आली, तर ती मोठी कमाई समजली जाते.

माझे विचारणे दुहेरी आहे. मांजराला कॉलरबोन नसते हे खरे आहे काय? आणि शरीररचनेच्या अशा आणखी कोणत्या गोष्टी आहेत, ज्या प्राण्याला न धरता, न घाबरवता आणि कोणत्याही विशेष उपकरणाशिवाय घरबसल्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतील?

प्रतिसाद १ : सातवा मणका

आपल्या कन्येची नोंद निम्मीच बरोबर आहे. जत्रुक, म्हणजे बोलण्यात आपण ज्याला कॉलरबोन म्हणतो ते हाड, मांजराला असते. मात्र ते लहानसे, बारीक आणि किंचित वाकडे असून दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांध्याने जोडलेले नसते, स्नायूंमध्ये नुसते रुतून बसलेले असते. माणसात हेच हाड छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत एखाद्या तुळईसारखे आडवे बसवलेले असते आणि त्यामुळे आपले खांदे कायम ठरावीक रुंदीवर ताणलेले राहतात. डोके आत जाते पण खांदे अडकतात, ही आपली अडचण त्या तुळईमुळेच निर्माण झाली आहे. मांजराच्या खांद्यांमध्ये अशी तुळई नाही. पुढचे पाय धडाला जवळजवळ केवळ स्नायूंनीच बांधलेले असल्यामुळे फरे छातीला चपटे लावून घेता येतात आणि डोके जिथून गेले तिथून बहुधा बाकीचे अंगही जाते.

हे पाहायचे असेल, तर मांजर एखाद्या माशीवर दबा धरून पुढे सरकत असताना तिच्या मागे, थोड्या उंचावरून पाहावे. पाऊल टाकताना एकेका बाजूचा फरा कण्याच्या रेषेच्याही वर उचलला जातो आणि पुन्हा खाली जातो. डोके मात्र त्या वेळी तसूभरही हलत नाही. खांदा सांगाड्याला पक्का जोडलेला असता, तर हे शक्यच झाले नसते. एवढे पाहून झाले, की ‘नसते’ हा शब्द खोडून ‘सुटे असते’ असे लिहायला हरकत नाही. एक पुरवणी मात्र जोडावी : मिशा डोक्याच्या रुंदीचा अंदाज देतात, पोटाचा नाही, त्यामुळे फार सुटलेले मांजर मिशांवर विसंबून फसल्याची उदाहरणे काही कमी नाहीत.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. माझ्या मते घरात पाहता येण्याजोगी सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे मांजराचे पाणी पिणे. मांजर जिभेचा चमचा करून पाणी उपसते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ती पाणी उपसत नाही, वर ओढते. २०१० साली अमेरिकेतील चार संशोधकांनी याचा उलगडा प्रसिद्ध केला आणि त्याची सुरुवात त्यांच्यापैकी एकाने आपल्याच घरच्या मांजराकडे पाहत बसण्यातून झाली होती. मांजर जिभेचे टोक खाली आणि मागे वळवते, त्या वळलेल्या टोकाची वरची बाजू पाण्याच्या पृष्ठभागाला केवळ टेकवते आणि जीभ झटक्यात वर घेते. जिभेला चिकटून पाण्याचा एक बारीक खांब वर उठतो आणि तो स्वतःच्या वजनाने तुटून खाली पडायच्या आत मांजर जबडा मिटून त्याचे टोक तोंडात पकडते. हे सर्व सेकंदाला साधारण साडेतीन ते चार वेळा घडत असल्याने नुसत्या डोळ्यांना जिभेची फक्त लवलव दिसते. मोबाइलमधील स्लो मोशन मात्र यासाठी पुरेसे आहे. मोबाइल भांड्याच्या काठाच्या पातळीत, बाजूने ठेवावा. वरून चित्रण केल्यास जीभ दिसते, खांब दिसत नाही.

त्याच ठिकाणी कुत्र्याचेही चित्रण करावे. कुत्राही जीभ मागेच वळवतो, पण ती पाण्यात चांगली बुडवतो आणि पळीसारखी बाहेर काढतो. गंमत अशी, की त्या पळीतील पाण्याचा बराचसा भाग तोंडात पोहोचतच नाही. जिभेमागून उठलेल्या खांबावरच त्याचीही तहान भागते, आणि पळीतील पाण्याचे काय होते हे भांड्याभोवतीची फरशी सांगते.

प्रतिसाद २ : ओली पावले

मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे मला प्राण्यांना धरावे लागते. परंतु प्रश्नकर्त्यांची ‘न धरता’ ही अट मला मनापासून आवडली. माझ्या टोपणनावापासूनच सुरुवात करतो. ‘कुत्र्यामांजरांना घाम येत नाही’ ही नोंद आपल्या वहीत असणारच. नसेल, तर वही अपुरी आहे. घाबरलेला कुत्रा किंवा मांजर तपासणीच्या धातूच्या टेबलावर उभे राहिले आणि पाऊल उचलले, की खाली पंजाच्या गाद्यांचा ओला ठसा उमटलेला दिसतो, आणि तो बघता बघता कडांकडून वाळत जातो. तो घामच असतो. त्यांच्या तळव्यांच्या गाद्यांमध्ये घामाच्या ग्रंथी असतात. अंग थंड ठेवण्याच्या कामी त्यांचा उपयोग नगण्य आहे. ते काम कुत्रा धापा टाकून, म्हणजे जीभ, तोंड आणि नाकातील ओलावा हवेत उडवून करतो. घरातील गुळगुळीत फरशीवरही हे ठसे दिसू शकतात. मात्र ते पाहण्यासाठी कुणी मुद्दाम फटाका वगैरे वाजवू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘उलटा गुडघा’. कुत्र्याच्या मागच्या पायाकडे बाजूने पाहिल्यास मध्यावर मागच्या दिशेने टोक काढलेला एक सांधा दिसतो आणि कुत्र्याचा गुडघा आपल्या उलट वाकतो असा समज होतो. तो गुडघा नव्हे, टाच आहे. कुत्रा आणि मांजर आयुष्यभर चवड्यावर चालतात; टाच जमिनीपासून वर उचललेली असते आणि खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या कडेशी, कातडीच्या घडीत जवळजवळ लपलेला असतो. आपला म्हातारा कुत्रा पाठ कुरवाळून घेण्यासाठी स्वतःहून जवळ येत असेल, तर त्याच्या मांडीवरून हात पुढे सरकवत आणावा. पोटाजवळ वाटीचे लहानसे हाड बोटांना लागते, आणि ते पुढच्याच बाजूला असते. मुलांना त्याच्या शेजारी चवड्यांवर उभे करून बाजूने दोघांचे पाय पाहायला सांगावे, फार समजावण्याची गरज उरत नाही.

मांजराची बोटे मोजणे हेही सोपे काम आहे, अर्थात ती उन्हात पसरून झोपलेली असताना. पुढच्या पंजाला पाच आणि मागच्या पंजाला चार असा सर्वसाधारण हिशेब असतो. पुढचे पाचवे बोट आतल्या बाजूला, थोडे वर असते आणि जमिनीला टेकत नाही. काही मांजरांना जन्मतःच जास्त बोटे असतात, तेव्हा मोजणी चुकली असे लगेच मानू नये. पुढच्या पायाच्या मनगटामागे आखूड, ताठ केसांचा एक झुबकाही दिसेल. त्या मांजराच्या हाताच्या मिशा होत. पंजात पकडलेले भक्ष्य तोंडाच्या अगदी पुढ्यात असते, तिथले मांजराला नीट दिसत नाही, आणि तिथे डोळ्यांचे काम या केसांकडे येते.

कुत्र्याच्या भुवईबद्दलही लिहितो. डोळ्याच्या आतील कोपऱ्यावरील भाग उचलून तो जो केविलवाणा चेहरा करतो, त्यासाठी त्याच्याकडे एक स्वतंत्र स्नायू आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्रे आणि लांडगे या दोघांच्या चेहऱ्यांचे विच्छेदन करून पाहिले, तेव्हा कुत्र्यांत हा स्नायू स्पष्ट आढळला आणि लांडग्यांत त्याच्या जागी बहुतांशी तुरळक तंतूच मिळाले. पोळीचा तुकडा हातात धरून हा प्रयोग करता येतो, पण शेवटी तुकडा द्यावा लागतो.

प्रतिसाद ३ : उनाड

मांजर नेहमी चार पायांवर पडते, हे कुणी लिहिले कसे नाही? गादी अंथरून कमरेच्या उंचीवरून मांजर उलटे सोडले, तर स्लो मोशनमध्ये ते उत्तम दिसेल आणि इजा होण्याचाही प्रश्न येणार नाही.

प्रतिसाद ४ : ओली पावले

कृपया असे करू नये. प्रश्नकर्त्यांची अटच ‘न धरता, न घाबरवता’ अशी आहे, आणि हा प्रयोग करायचा तर आधी मांजराला धरावे लागते व नंतर घाबरवावे लागते. शिवाय तो होऊन गेलेला आहे. फ्रान्समधील एत्येन-ज्यूल मारे यांनी १८९४ साली पडत्या मांजराची एकापाठोपाठ एक छायाचित्रे घेतली आणि आधाराला काहीही नसताना ते हवेतल्या हवेत वळते हे दाखवून दिले. मांजराचा कणा इतका लवचीक असतो, की कमरेपाशी वाकून ती शरीराचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा फिरवू शकते. एक भाग वळवताना दुसऱ्या भागाचे पाय लांब पसरते, मग त्याच्या उलट करते.

‘नेहमी’ हा शब्दही खरा नाही. गॅलरीतून किंवा खिडकीतून पडलेली मांजरे माझ्याकडे येतात. ती पायांवर पडलेली असली, तरी हनुवटी जमिनीवर आपटून जबड्याला इजा झालेली असते, छातीला मार बसलेला असतो. ही नोंद ‘ऐकले’ या रकान्यातच राहू द्यावी.

प्रतिसाद ५ : खोपा

पाळीव प्राण्यांपुरतेच मर्यादित राहायचे नसेल, तर खिडकीत येणारे कबुतर हा फुकटचा खजिना आहे. कबुतर चालताना मान पुढेमागे हलवते असे आपण म्हणतो. वास्तविक त्याचे डोके मागे कधी जातच नाही. ते झटक्यात पुढे येते आणि मग भोवतालच्या जगाच्या संदर्भात जागच्या जागी स्थिर राहते, अंग चालत पुढे येऊन त्याला गाठते, आणि पुन्हा झटका बसतो. हे ताडून पाहायचे, तर कबुतराच्या मागे दिसणाऱ्या खिडकीच्या गजावर किंवा भिंतीवरच्या एखाद्या डागावर नजर ठेवावी आणि त्याच्या संदर्भात डोके कुठे आहे ते पाहावे. अनेक पक्ष्यांचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, त्यामुळे दृश्य स्थिर ठेवण्याचे जे काम आपण बुबुळे फिरवून करतो, ते त्यांना मानेने करावे लागते. १९७८ साली कॅनडातील एका संशोधकाने कबुतराला सरकत्या पट्ट्यावर चालवले, तेव्हा पाय चालत राहिले पण भोवतालचे जग मागे सरकेना, आणि मान हलायची थांबली. म्हणजे मानेचे हलणे पावलांच्या तालावर नव्हे, तर डोळ्यांच्या गरजेवर चालते. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.

वरच्या प्रतिसादातील ‘उलटा गुडघा’ पक्ष्यांनाही तंतोतंत लागू पडतो; बगळ्याच्या लांब पायाच्या मध्यावर मागे वाकणारा सांधा दिसतो, तो घोटा असतो आणि गुडघा वर पिसांत दडलेला असतो. प्रश्नकर्त्यांचे टोपणनाव पाहता ही माहिती त्यांना असायला हवी होती.

माझ्याकडे पोपटाच्या कुळातील बजी पक्ष्यांची जोडी आहे. दांडीवर बसलेल्या बजीची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. चिमणीची मात्र तीन पुढे आणि एक मागे. जांभई देताना नीट पाहिल्यास चोचीचा वरचा भागही कपाळापाशी बिजागरीवर बसवल्यासारखा वर उचलला जातो. आपला वरचा जबडा कवटीशी एकजीव असल्यामुळे ही हालचाल आपल्याला कधीच जमणार नाही. डोळे मिटतानाही त्यांची खालची पापणी वर येते, आपल्या उलट. पहिल्यांदा हे लक्षात आले, तेव्हा पक्षी आजारी आहे की काय अशी मला शंका आली होती.

प्रतिसाद ६ : काठावरचा

डोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर मांजर खिडकीत बसलेली असताना आणि पुन्हा दिवेलागणीनंतर तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहाव्यात. उजेडात उभी बारीक चीर असते, अंधारात जवळजवळ पूर्ण गोल. शेळी पाहायला मिळाली, तर तिची बाहुली आडवी आणि चौकोनी दिसेल, आणि ती चरायला मान खाली घालते तेव्हाही बाहुली जमिनीला समांतरच राहते, कारण डोळा खोबणीत तेवढाच उलटा फिरतो. चरताना आजूबाजूची जमीन नजरेखाली राहावी, अशी ही व्यवस्था आहे.

पेंगणाऱ्या मांजराच्या डोळ्याच्या आतील कोपऱ्यातून एक फिकट पडदा अर्ध्यापर्यंत सरकलेला दिसतो, ती तिची तिसरी पापणी. जाग आल्यावर ती परत जाते. जागेपणीही तशीच राहिली, तर पशुवैद्यकाला दाखवावे.

गोल्डफिशबद्दल आपली नोंद पक्की आहे, त्याला पापण्याच नसतात. दातांची गोष्ट याहून मजेची आहे. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. दाणा तोंडात घेतल्यानंतरही तो बराच वेळ काहीतरी चघळत असल्यासारखा दिसतो, तेव्हा ते दळण आत, घशात चाललेले असते. त्याला जठरही नसते, म्हणून थोडे थोडे आणि वरचेवर खाण्याकडे त्याचा कल असतो. वहीत ‘गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची’ अशी नोंद असल्यास ती खोडण्यासाठी उठून पेटीजवळ जाणे पुरेसे आहे. रोज दाणे टाकणारी व्यक्ती आली, की मासे आधीच त्या बाजूला गोळा होतात. काचेवर टिचकी मात्र मारू नये. त्याचे वाताशय, म्हणजे अंगातील हवेची पिशवी, लहान हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेले असते आणि त्याला आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ जास्त ऐकू येते.

प्रश्नकर्ता : खिडकीतला बगळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बगळ्याच्या घोट्यावरून बसलेली चपराक मान्य आहे.

मांजराचे चित्रण तिसऱ्या प्रयत्नात साधले. पहिल्या वेळी तिने पाणी सोडून मोबाइलच हुंगला, दुसऱ्या वेळी पाठ फिरवून प्यायली. तिसऱ्या वेळी मोबाइल पुस्तकांच्या आड ठेवला आणि तो खांब दिसला : वर जाड, मध्ये बारीक होत जाणारा, काचेच्या कांडीसारखा चकाकणारा, आणि तुटण्याच्या क्षणीच मिटणारे तोंड. मुलांनी ते चित्रण एवढ्या वेळा पाहिले, की मांजर कंटाळून निघून गेली. कुत्र्याच्या चित्रणात मात्र सुरुवातीला जीभ दिसते आणि त्यानंतर काहीच दिसत नाही, कारण मोबाइलवर पाणी उडाले.

कुत्र्याची टाच आणि गुडघा दोन्ही सापडले. घशातील दळण दिसले की नाही यावर घरात एकमत नाही. धाकट्याच्या मते दिसले, थोरली ‘पाहिले’ लिहू देत नाही. मांजराचे फरे उचललेले दिसल्यामुळे कॉलरबोनची नोंद तिने स्वतःच्या हाताने दुरुस्त केली.

एक नवे कोडे पडले आहे. बोटे मोजत असताना मांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेवर, खालच्या बाजूला, कातडीची एक लहानशी खिसावजा घडी दिसली. दोन्ही कानांना ती सारखीच आहे. ही जखम आहे काय?

प्रतिसाद ७ : ओली पावले

जखम नव्हे, ती सर्वच मांजरांना असते आणि काही कुत्र्यांच्या कानांवरही सापडते. त्या खिशाचा नेमका उपयोग काय, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. ‘पाहिले’ या रकान्यात लिहावे आणि शेजारी थोडी जागा कोरी सोडावी. खिशात कधी मळ किंवा गोचीड अडकते, तेव्हा कान पुसताना तेवढे पाहत जावे.